कालिंदीबाईंच्या चोरीच्या घागरी

कालिंदी सेलूकर यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी चोर म्हटलं, तेव्हा त्या गवार मोडत बसल्या होत्या. दुपारचा चहा झाला होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि मांडीवर ताट. खेळ सुरू व्हायला नेहमीसारखा वेळ लावत होता, म्हणून तेवढ्यात चार शेंगा हातावेगळ्या करत होत्या. पण पडद्यावर रोजचं तांबडं माळरान यायच्या ऐवजी एक आडवी लाल पट्टी आली. इंग्रजी मजकुराचा अर्थ एवढाच होता, की आपल्या खात्यावर फसवणूक आढळली आहे. वस्तूंच्या बेकायदा नकला करून साठा केल्याबद्दल आपलं जग कुलूपबंद केलं आहे.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग ताट खाली ठेवलं आणि बैठकीत पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला हाक मारली.

"अहो, हे मला चोर म्हणायलेत."

"कोण?" मुकुंदरावांनी पेपर न हलवता विचारलं.

"हा खेळ."

"मग बंद कर. खेळच आहे तो."

मुकुंदराव तसे भले गृहस्थ. पण घराला आग लागली तरी, उद्या पेपरात येईलच, म्हणणाऱ्यांतले. कालिंदीबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा नाद सोडला. राग वाया घालवायची त्यांची पद्धत नव्हती.

या बाई कोण, हे त्या परदेशी कंपनीला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आपल्याला असावं. पैठण रस्त्यावर चितेगावला औषधांचा एक कारखाना आहे. कालिंदीबाईंनी सगळी नोकरी तिथं, तपासणी विभागात केली. रोज सकाळी कंपनीची बस पकडायची, पांढरा कोट चढवायचा आणि गोळ्या तपासायच्या. गोळीच्या कडेचा टवका उडालेला दिसला की अख्खी बॅच परत. एकदा मालकांचा मेहुणा स्वतः सही मागायला आला. बाई म्हणाल्या, "ही गोळी तुमच्या आईला द्याल का?" मेहुणा उभ्या उभ्या ओशाळला आणि बॅच परत गेली. कारखान्यात त्यांना मागं भांडखोर म्हणत. ते काही खरं नाही. बाई भांडत नसत, त्या बरोबर असत. फक्त ते मोठ्या आवाजात असे. अशा बाईला चोर म्हणायचं, आणि तेही पट्टी लावून!

आता त्या या खेळापाशी कशा पोचल्या, ते सांगायला हवं, आणि त्यासाठी नळापासून सुरुवात करावी लागते.

आमच्या शहरात नळ रोज येत नाहीत. पाहुण्यासारखे येतात, उशिरा येतात आणि बूड टेकायच्या आत निघतात. त्या दिवशी माणसं रजा काढतात, लग्नाला जायचं रद्द करतात. सिडको एन-सातमध्ये सेलूकरांच्या भिंतीला भिंत लागून जहांआरा सिद्दिकी यांचं घर होतं. जहांआरा उर्दू शाळेत लहान मुलांना शिकवायच्या. वयानं कालिंदीबाईंपेक्षा थोड्या मोठ्या, म्हणून कालिंदीबाई त्यांना आपा म्हणत, पण बोलणं सगळं अगंतुगं. दोन्ही घरांना एकच पाइप. जहांआराचं अंगण उताराला होतं, त्यामुळे धार तिच्याकडे मोठी. म्हणून दोघींचं पाणी तिच्याच नळावर भरलं जाई. कालिंदीबाई नळापाशी बसत, जहांआरा उचलून नेई. टिपाडं, कोठ्या, घागरी, कळश्या, कुकरची भांडीसुद्धा. नियम एकच, धार रिकामी जाता कामा नये. पाणी घागरीच्या गळ्यापर्यंत आलं की जहांआराचा हात यायचा आणि घागर ओढून घ्यायचा, त्याच क्षणी कालिंदीबाई दुसरी सरकवायच्या. काठोकाठ भरायची वाट बघायची नाही. काठोकाठ भरण्याच्या नादात धार गेली तर मागची सगळी भांडी कोरडी राहतात. वर्षानुवर्षं असंच चाललं. बोलावंही लागत नसे. भरता भरता जगाच्या उखाळ्यापाखाळ्या तेवढ्या निघत.

मग जहांआराचे मियाँ गेले. गुडघे दुखायला लागले. मुलगा सरफराज बंगळूरला संगणकाच्या कंपनीत होता, तो आईला घेऊन गेला. घर भाड्यानं दिलं. मुलगा चांगला, सूनही चांगली. तिथं नळ फिरवला की पाणी, बटण दाबलं की गरम पाणी. आणि जहांआरा कशाला उठली की सून म्हणणार, "अम्मी, आप बैठिए." बसून बसून बाई कंटाळली. पण जहांआराच्या तोंडी आयुष्यभर एकच वाक्य, "जाने दे." शाळेत तिची बढती दुसऱ्याच बाईला दिली, जाने दे. तिच्या अंगणात कुणी गाडी लावली, जाने दे. कालिंदीबाईंना तिच्या या दोन शब्दांचा जेवढा राग येई तेवढा त्या मालकाच्या मेहुण्याचाही आला नव्हता.

दोघी फोनवर बोलत, पण फोनवर हात मोकळे राहतात. बोलणं 'आणखी काय' वर येऊन अडायचं. ते सरफराजच्या लक्षात आलं. त्यानंच दोघींच्या लॅपटॉपवर 'डस्टहोम' नावाचा खेळ चढवून दिला. "काकू, यात दोघी एकाच ठिकाणी राहता. एकमेकींशी बोलता येतं. बघा तर."

खेळ असा, की जगातला पाऊस संपला आहे. तुम्हाला एका माळावर फाटकी झोळी आणि एक काठी देऊन सोडतात. तिथून जगायचं. लाकूड शोधा, झोपडं बांधा, कंदमुळं भाजा. आणि पाणी? खडकात एक झरा आहे. तो रोज वाहत नाही. कधी वाहील ते कळत नाही. वाहिला तर थोडा वेळ वाहतो आणि बंद होतो. हे वाचून परदेशातली तरणीताठी पोरं म्हणे घाबरून जातात. कालिंदीबाईंनी वाचलं आणि त्या खो खो हसत सुटल्या.

"आपा, हे तर आपलं एन-सात आहे गं!"

दोघी रोज दुपारी त्या माळावर भेटू लागल्या. जग कालिंदीबाईंच्या लॅपटॉपवर साठवलेलं, म्हणून खेळाच्या भाषेत त्या यजमान आणि जहांआरा पाहुणी. तो 'पाहुणी' शब्द जहांआराच्या नावापुढे कायम झळके. दोघींनी झोपडी बांधली, मग ओटा, मग स्वयंपाकघर. मातीची मडकी भाजली, त्यांना घागरीच म्हणायच्या. झरा वाहिला की कालिंदीबाई खडकापाशी बसत, जहांआरा ओढून नेई. गळ्यापर्यंत आली की हात यायचा. बंगळूरहून तो हात तस्साच, अचूक वेळेवर यायचा. कालिंदीबाईंना त्या वेळी काय वाटे ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. झोपडीमागं घागरींच्या रांगा लागल्या, रांगांच्या मागं रांगा. बघून दोघींचा जीव थंड होई.

आणि आता लाल पट्टी. पट्टीखाली एक चौकोन होता. 'मी फसवणूक केल्याचं मान्य करते' यावर टिचकी द्या, जग उघडून मिळेल, मात्र नावापुढे खूण कायम राहील. टिचकी दिली नाही तर शुक्रवारी जग कायमचं पुसून टाकू.

कालिंदीबाईंनी कंपनीला तक्रार धाडली. गोष्ट स्वच्छ मांडली, की आम्ही दोघी आहोत, आम्ही पाणी भरतो, आम्ही कसलीही नक्कल केलेली नाही, आपल्या यंत्रणेत दोष असावा, तपासून पाहावं. उत्तर इतक्या झटपट आलं की ते कुणा माणसानं लिहिलेलं नव्हतं हे उघड होतं. आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. एवढंच. शेवटी एक हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्यानं बाईंचं टाळकं फिरलं. चोर म्हणायचं ते म्हणायचं आणि वर दात काढायचे!

खेळणाऱ्यांचा म्हणून इंटरनेटवर एक कट्टा होता, फोरम म्हणत त्याला. कालिंदीबाई तिथं शिरल्या आणि पाहतात तो काय, जगभरची माणसं बोंबलत होती. दोघं मिळून खेळायला लागलं की हा खेळ बिघडायचा. कुणाच्या शेळ्या भिंतीत अडकून बसलेल्या. कुणाच्या पाहुण्याला जिनाच दिसत नव्हता, तो रोज माडीवरून पडून मरायचा. कुणी बिचाऱ्यानं हिवाळाभर जमवलेलं लाकूड, यजमान आधी झोपला म्हणून गायब. प्रत्येक गाऱ्हाण्याखाली कंपनीचं तेच, मौल्यवान अभिप्राय आणि हसरा चेहरा. बाईंनी एक एक वाचलं. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर त्याला त्यांनी गोळ्यांच्या पिंपात उभा केला असता.

त्यांनी तिथं लिहिलं, ठळक अक्षरांत, 'मी चोर नाही'. आणि झोपडीमागच्या घागरींचं जुनं चित्र जोडलं.

ते चित्र जोडायला नको होतं. लोक तुटून पडले. एवढी मडकी? एका माणसाला दिवसाला एक मडकं पुरतं! आजी, चोरी करून वर भाषण देता? एकानं तर मोजून दाखवलं, की एवढ्या पाण्यावर एक गाव जगेल, दोन बायकांना हवंय कशाला.

"पुरतं म्हणे!" कालिंदीबाई स्वयंपाकघरात पातेली आपटत म्हणाल्या. "ह्यांचे नळ कधी बंद होत नाहीत आणि हे मला शिकवायलेत किती पाणी पुरतं ते!"

"अगं, त्या पोरांना काय ठाऊक," मुकुंदराव म्हणाले.

"ठाऊक नाही तर गप्प बसावं. चोर कशाला म्हणावं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, खेळाच्या वेळेला, जहांआराचा फोन आला. खेळ नाही म्हटल्यावर फोनच.

"दाब ना ते बटण, कालिंदी. कोण बघायलंय? जाने दे."

"चोरी केली असं लिहून देऊ?"

"लिहून दिल्यानं चोरी होते का?"

"होते! खराब बॅच चांगली आहे म्हणून मी कधी सही केली नाही. आता चांगली बॅच खराब आहे म्हणून करू? ते जमायचं नाही, आपा. पुसू दे त्यांना. आपण दुसरं जग बांधू."

जहांआरा म्हणाली, "तुला तुझं नाव पाहिजे. मला ती दुपार पाहिजे. तुझ्याकडं अख्खं सिडको आहे भांडायला. मला इथं कुणी चहाचा कपसुद्धा विसळू देत नाही. ती झोपडी आहे म्हणून मी सकाळी उठते. आणि तू म्हणतेस पुसू दे."

हे ऐकून कालिंदीबाईंना वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्यांचं वाईट वाटणं आधी रागाचे कपडे घालून बाहेर येई. "एवढी माया होती तर इतक्या घागरी कशाला भाजत बसलीस?" त्या ओरडल्या. "त्या घागरींनीच घात केला ना!"

"मी? मी कुठं भाजल्या?"

"मग कुणी?"

"तूच की! मी रोज यायचे, बघायचे, रांग वाढलेली. म्हटलं, या बाईला घरात काम नाही का, किती राबते."

कालिंदीबाई खुर्चीत बसल्या. "आपा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटायचं, तू करतेस. तुला तिथं काही काम नाही म्हणून भाजत असशील."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू का नाही विचारलंस?"

दोघींकडेही उत्तर होतं आणि ते एकच होतं. शेजारधर्मात कुणी किती केलं ते विचारायचं नसतं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं, तर आता खेळात कशाला विचारायचं. दोघी एकमेकींच्या कष्टांचं मनातल्या मनात कौतुक करत राहिल्या आणि तिकडे घागरी आपल्या आपण वाढत राहिल्या.

"म्हणजे खेळच नकला करायलाय," कालिंदीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चितेगावचा पांढरा कोट परत आला होता. "चोरी तो करतो आणि नाव माझं. थांब, आता पकडतेच त्याला."

पण पकडायचं कसं? त्यांचं खातं बंद. मग असं ठरलं की जहांआरानं यजमान व्हायचं, नवं जग काढायचं, आणि तिथं दुसरं माणूस म्हणून मुकुंदरावांच्या नावानं खातं उघडायचं. मुकुंदराव कुरकुरले, पण जेवणं घरीच व्हायची असल्यामुळे बसले. जहांआरानं चार घागरी भाजल्या. झरा वाहायची वाट पाहत दोन दुपारी गेल्या. वाहिला तेव्हा कालिंदीबाई मागं उभ्या राहून सूचना देऊ लागल्या.

मुकुंदरावांनी झऱ्याखाली घागर धरली. जहांआरा शेजारी येऊन उभी राहिली. "मुकुंदभाई, सोडा आता."

"भरू तर द्या, वहिनी. अजून बोटभर बाकी आहे."

घागर काठोकाठ भरली, ओसंडली, मग त्यांनी ती जपून जहांआराच्या हाती दिली. एका घागरीची एकच घागर. दुसरी भरली, तीही एकच. झरा गेला. खेळानं काहीही गडबड केली नाही. अगदी साळसूदपणे वागला.

"बघ," मुकुंदराव उठत म्हणाले, "काही दोष नाही त्याच्यात."

कालिंदीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. या माणसानं लग्नानंतर कधी नळ भरला नव्हता असं नाही. भरला होता. आणि दर वेळी निम्मी भांडी कोरडी राहिली होती, कारण त्यांना प्रत्येक घागर काठोकाठ लागे. बाईंच्या डोक्यात एकदम उजेड पडला. पुढचा झरा वाहिला तेव्हा त्यांनी नवऱ्याला खांद्याला धरून उठवलं. "सरका."

त्यांनी घागर लावली. पाणी गळ्यापर्यंत आलं, आणि बंगळूरहून हात आला. घागर ओढली गेली. जहांआराच्या डोक्यावर घागर होती. आणि कालिंदीबाईंच्या हातातही तीच घागर होती. दोन्ही भरलेल्या.

"हाय अल्लाह," फोनवर जहांआरा म्हणाली.

"पुन्हा," कालिंदीबाई म्हणाल्या. पुन्हा तेच. भरत असलेली घागर दुसऱ्यानं ओढली की खेळ गोंधळायचा. भरणारीला वाटे माझी, नेणारीला वाटे माझी, आणि खेळ दोघींनाही हो म्हणायचा. संध्याकाळी झरा पुन्हा वाहिला, तेव्हा कामावरून घरी परतलेल्या सरफराजनं तिकडे आईच्या पडद्यावर त्याचं चित्रण करून दिलं. कालिंदीबाईंनी ते कंपनीला पाठवलं आणि कट्ट्यावरही टाकलं.

या वेळी उत्तर माणसाचं होतं, इंग्रिड नावाच्या बाईचं. आमच्या चाचणी विभागातल्या दोघांनी आपण म्हणता तसं पाणी भरून पाहिलं. वारंवार पाहिलं. दोष आढळला नाही. क्षमस्व. शुक्रवारचा निर्णय कायम आहे.

हे मेले मुकुंदरावांसारखे काठोकाठ भरत असणार! त्यांनी विचार न करता लिहिलं, आणि जे लिहिलं त्यात आपण नाही, आदरणीय नाही, काही नाही. 'तुमच्या माणसांना सांगा की पाणी आत्ता जाणार आहे. पुन्हा कधी येईल ते कुणाला माहीत नाही. घरात थेंब नाही. मागं सगळी भांडी रिकामी पडली आहेत. एवढं त्यांना पटलं, की मग त्यांना भरायला सांगा. पटलं नसेल तर हा खेळ तुम्ही बनवलाच कशाला?'

तेच त्यांनी कट्ट्यावर चिकटवलं. मग लातूरच्या कुणा बाईनं लिहिलं, आम्ही पण असंच भरतो, आमचं जगही बंद केलंय. कराचीहून एकानं लिहिलं, मी आणि माझा भाऊ, आम्हालाही खूण लावली, आम्ही लाजेनं मान्य करून टाकलं. आफ्रिकेतल्या कुठल्या शहरातली एक मुलगी म्हणाली, माझ्या आईनं हे वाचलं आणि ती टाळ्या वाजवतेय. जिथं जिथं पाणी पाळीनं येतं तिथली माणसं निघत गेली. चोर, चोर, चोर म्हणून खुणा लावलेली ही एवढी मोठी पंगत, आणि सगळ्यांचा गुन्हा एकच, धार वाया जाऊ दिली नाही! कालिंदीबाई एकेक वाचत होत्या आणि त्यांचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. आधी तो एकटीचा होता.

"दाब म्हणत होते मी," जहांआरा फोनवर म्हणाली. "बरं झालं दाबलं नाहीस."

शुक्रवारी सकाळी लाल पट्टी गेलेली होती. इंग्रिडबाईंनी लिहिलं होतं. आम्ही आपल्या सांगण्याप्रमाणे भरलं. आपलं बरोबर आहे. आपल्यासह सर्वांच्या खुणा काढल्या आहेत, त्याबद्दल दिलगीर आहोत, जगं उघडली आहेत, आणि आजच्या सुधारणेत हा दोष कायमचा दूर केला आहे. खाली हसरा चेहरा नव्हता, हे बाईंनी मुद्दाम बघून घेतलं. मुकुंदरावांनी पेपर बाजूला ठेवून अभिनंदन केलं. कालिंदीबाईंनी शिरा करायला घेतला.

दुपारी दोघी माळावर उतरल्या. झोपडी होती, ओटा होता. मागच्या रांगा मात्र विरळ झाल्या होत्या. नकला काढून टाकल्या होत्या, खऱ्या घागरी तेवढ्या उरल्या होत्या, त्याही कोरड्या. त्याबद्दल दोघींची तक्रार नव्हती. जे आपलं नाही ते गेलं. आणि दैव बघा, त्याच दुपारी झरा वाहिला.

"ये गं आपा, लवकर!"

कालिंदीबाई खडकापाशी बसल्या. घागर लावली. पाणी गळ्यापर्यंत चढलं. जहांआराचा हात आला, वेळेवर, नेहमीसारखा. आणि घागरीतून आरपार गेला. पडद्यावर अक्षरं उमटली, ही वस्तू दुसऱ्या खेळाडूच्या वापरात आहे.

"सोड ना," जहांआरा म्हणाली.

"मी धरलेलीच नाही."

जहांआरानं पुन्हा हात घातला. तीच अक्षरं. सुधारणा ही अशी केली होती. भरणाऱ्याच्या हातून घागर घेताच येणार नाही, म्हणजे नक्कल होण्याचा प्रश्नच मिटला. चोरी बंद करायला त्यांनी हातच तोडून टाकले होते. कालिंदीबाईंना घागर काठोकाठ भरू द्यावी लागली, मग स्वतः उठून नेऊन ठेवावी लागली, मग परत यावं लागलं. तोवर धार खडकावरून वाहून मातीत जात होती. जहांआरा शेजारी रिकाम्या हातांनी उभी होती. तिच्या डोक्यावर अक्षरं झळकत होती, पाहुणी.

"मी काय करू मग?" तिनं विचारलं.

आप बैठिए, असं कालिंदीबाई म्हणाल्या नाहीत, पण खेळ तेच म्हणत होता. थोड्या वेळानं झरा गेला. बहुतेक घागरी कोरड्या राहिल्या. कालिंदीबाई वाट पाहत होत्या. आता ती म्हणेल, जाने दे, आणि मी तिच्यावर ओरडेन, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"कालिंदी," जहांआरा म्हणाली. "ते लिहायचं कुठं असतं?"

"काय?"

"तक्रार."

कालिंदीबाईंनी कुठं ते सांगितलं. तिकडून टाइप केल्याचा आवाज येत राहिला, थांबत, पुन्हा सुरू होत. त्या दिवशी घरी असलेला सरफराज मध्येच काहीतरी बोलला, तर त्याला म्हणाली, "तू बैठ." मग तिनं लिहिलेलं कालिंदीबाईंना पाठवलं. "तू तपास. तुझ्यासारखं नाही जमलं."

मराठीत होतं. इंग्रजी शोधत बसायला तिला वेळ नव्हता.

'तुमच्या खेळात माझ्या नावापुढं पाहुणी असं लिहून येतं. पाहुणीला कुणी पाणी भरू देत नाही, ते मला माहीत आहे, मला घरातही कुणी भरू देत नाही. पण मी त्या झऱ्यावर पाहुणी नाही. मी शेजारीण आहे. कालिंदी भरते, मी नेते. ती एकटी भरेल तर निम्मं पाणी वाया जाईल. तुम्हाला दोष काढता येत नसेल तर नका काढू. चोर म्हणा पाहिजे तर. पण तिच्या हातातली घागर मला घेऊ द्या. जहांआरा सिद्दिकी.'

कालिंदीबाईंनी ते दोनदा वाचलं. एक अक्षर बदललं नाही. खाली आपलंही नाव घातलं आणि पाठवून दिलं.